उजव्या आरशाचे डावे आटे: एका एफझीवर हँडगार्ड बसवताना

डॉक्टर आले तेव्हा मोटारसायकलच्या उजव्या आरशाचा नुसता वाकडा दांडा उरला होता. त्यांच्या डाव्या हाताच्या पेरांवर चार-पाच आडवे लाल ओरखडे. "आरसा ट्रॉलीनं नेला, बोटं उसानं सोलली," एवढं सांगून त्यांनी ओट्यावर एक खोकं ठेवलं. आत ऑनलाइन मागवलेले हँडगार्ड, म्हणजे मुठीपुढं हात झाकणाऱ्या ढाली, आणि गोल, चकचकीत आरशांची जोडी. "दोन्ही आजच टाका बसवून. तासाभराचं काम असेल."

मीही मान डोलावली. ते तासाभराचं काम अडीच आठवडे चाललं. त्यात एकदा मी स्वतः चुकलो, एकदा चकचकीत मालानं फसवलं, आणि कुणीतरी दोन वर्षांपूर्वी करून ठेवलेलं पाप आमच्या पदरात पडलं. म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय. मी दिवसा तासवड्याच्या एमआयडीसीत मशीनवर असतो. गाड्यांचं काम रविवारचं, हौसेचं. रोज हेच करणाऱ्या मेकॅनिकला यातलं निम्मं आधीच ठाऊक असेल.

गाडी आणि तिचा रस्ता

गाडी यामाहा एफझी-एस, १४९ सीसी, इंजेक्शनवाली, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाकडं ती कधीतरी जोरात पडली असावी, कारण हँडल मूळचं नव्हतं. बाजारात मिळतं तसं साध्या स्टीलच्या पाइपाचं होतं. ही गोष्ट पुढं पथ्यावर पडली.

डॉक्टर गुरांचे. कराडहून पाटणकडं जाणारा रस्ता, मल्हारपेठच्या अलीकडं-पलीकडं आत वळणाऱ्या वाड्या आणि कोयनाकाठची शेतं हा त्यांचा पट्टा. गाभण तपासणी, कृत्रिम रेतन, अडलेली म्हैस, कधी वासराला विषबाधा. मागच्या सीटवर द्रव नायट्रोजनचा कॅन पट्ट्यानं आवळलेला. त्यात उणे १९६ अंशांत रेतमात्रा ठेवलेल्या असतात. निघायचं पहाटे, कारण धारा काढून झाल्या की गोठ्यात माणूस सापडत नाही.

जानेवारीतल्या पहाटे या पट्ट्यात काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. नदीकाठचं धुकं आणि हाडात शिरणारा गारठा. पाणंदीत दोन्ही बाजूंनी आत वाकलेला ऊस. उसाचं पातं लांबून मऊ दिसतं, पण त्याच्या कडेला करवतीसारखे बारीक दात असतात. चाळीसच्या वेगानं ते पेरांवरून गेलं की ब्लेड फिरल्यासारखं होतं. आणि हंगाम चालू असल्यामुळं रस्ताभर ट्रॅक्टर, एकामागं दोन ट्रॉल्या जोडलेले.

ओरखड्यांचं मला आधी फार काही वाटलं नव्हतं. डॉक्टरांनीच समजावलं. गाय गाभडते त्यामागं अनेकदा ब्रुसेला नावाचा जंतू असतो. गाभडलेल्या जनावराची वार हातानं काढताना, हातमोजा फाटला आणि कातडीला चीर असली, तर तोच जंतू माणसात शिरतो. मग महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी. त्यांच्या बरोबरचे एक जण त्यातून गेलेले. म्हणजे माझ्या हातावरचा ओरखडा तो ओरखडाच, त्यांच्या हातावरचा मात्र उघडं दार. हे ऐकल्यावर हँडगार्ड म्हणजे पोरांची हौस असं जे माझ्या डोक्यात होतं, ते निघालं.

आरसा वळला का नाही?

अपघात म्हणावा असा तो नव्हताच. मल्हारपेठच्या अलीकडं अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला. दुसऱ्या ट्रॉलीतून एका मोळीचं टोक हातभर बाहेर आलेलं. डॉक्टर डावीकडं सरकले, तिथं डावा हात कडेच्या उसात गेला. त्याच क्षणी उजवीकडं मोळीनं आरशाला ठोकर दिली. गाडी डगमगली, पण पडली नाही. दोन्ही जखमा एकाच सेकंदातल्या.

मला खटकत होतं ते वेगळंच. समोरून ठोकर बसली तर एफझीचा आरसा मागं वळायला हवा. तो न वळता दांडा वाकला, काच फुटली आणि दांड्याचं खालचं टोक अॅल्युमिनियमचे आटे ओरबाडून बाहेर आलं. असं का?

इथं जरा थांबावं लागेल, कारण सगळ्या प्रकरणाची मेख इथं आहे. गाडीवर बसून खाली बघतोय असं समजा. उजव्या आरशाचा हात उजवीकडं पसरलेला आहे. त्याला समोरून धक्का बसला की तो मागं जातो, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतो. साधे आटे असले तर ही आवळण्याची दिशा. आरसा आणखी घट्ट होत जातो, पुढं फिरायला जागा राहत नाही आणि सगळा मार दांड्यावर आणि आट्यांवर येतो. डाव्या आरशाचं उलट. तो मागं जाताना काट्याच्या विरुद्ध फिरतो, साधे आटे सैल होतात आणि आरसा बापुडा मुकाट्यानं वळतो. म्हणून यामाहानं उजव्या आरशाला डावे आटे दिलेत, म्हणजे उलट दिशेनं आवळणारे. दोन्ही बाजूंचे आरसे ठोकर बसली की सैल होऊन वळावेत, ही त्यामागची योजना. बऱ्याच कंपन्या दोन्हीकडं साधेच आटे देतात आणि त्यांच्या गाड्याही चालतात, पण ज्यानं कुणी हा विचार केला त्याला मी मनातून नमस्कार करतो.

आता डॉक्टरांच्या गाडीचा वाकडा दांडा हातात घेऊन पाहिला. त्याचे आटे साधे होते. उजवे. डाव्या आट्यांच्या भोकात उजव्या आट्यांचा आरसा! दोन वर्षांपूर्वी प्रवासात आरसा तुटला तेव्हा वाटेतल्या कुठल्याशा गॅरेजात 'जोडीतला' आरसा टाकून घेतल्याचं डॉक्टरांना आठवलं. जात नव्हता, मग पोरानं पान्याला पाइप लावून बसवला. "घट्ट बसलाय, आता हलायचा नाही," असंही तो म्हणाला होता. खरंच बोलला बिचारा.

भोकात टॉर्च मारला. आट्यांच्या जागी चौकटीचौकटीची नक्षी झालेली, जाळीच्या टोपीसारखी. उलटसुलट दोन्ही आटे एकमेकांवर कापले गेले की मधे नुसती टोकं उरतात. पोलादी दांडा त्या टोकांच्या भरवशावर दोन वर्षं उभा होता.

माझी चूक

आरशाचं लांबणार हे दिसलं, तेव्हा म्हटलं आधी हँडगार्ड तरी लावू. डॉक्टरांच्या खोक्यातले होते पट्टीवाले: अॅल्युमिनियमची जाड पट्टी, तिचं एक टोक हँडलच्या पाइपाच्या तोंडात पाचरीच्या बोल्टनं धरायचं, दुसरं आत क्लॅम्पनं, आणि पट्टीवर प्लॅस्टिकची ढाल. मला ते एफझीवर अवजड वाटले. शिवाय पडताना हात पट्टीत अडकेल ही भीती बरेच जण बोलून दाखवतात, तीही डोक्यात होती. माझ्याकडं एकाच टोकाला धरलेले, नुसत्या प्लॅस्टिकचे उघडे हँडगार्ड पडून होते. त्यांचा पत्र्याचा ब्रॅकेट आरशाच्या लॉकनटाखाली, म्हणजे दांडा जागेवर धरून ठेवणाऱ्या नटाखाली बसतो. डावीकडं तसा बसवला, उजवीकडं आरसाच नसल्यामुळं पाइपावर क्लॅम्प टाकून. अर्ध्या तासात काम उरकलं आणि मी स्वतःवर खूश.

चौथ्या दिवशी डॉक्टर परत. डावा गार्ड आत वळून क्लचच्या लिव्हरला टेकला होता. कारण सरळ आहे. ढाल म्हणजे वाऱ्यासमोर धरलेली फळी. तिच्यावरचा सगळा जोर एका नटाखालच्या पत्र्यावर, आणि तो नट ज्या बाजूला वारा ढकलतो त्याच बाजूला सैल होणारा. आरसा सैल व्हावा म्हणून केलेली सोय मी गार्डला जामीन ठेवली. शेवटी गार्डही हलला आणि त्याच्याबरोबर डावा आरसाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं की ही दोन कामं नाहीत, एकच काम आहे. हँडलच्या पाइपावर काय ढळू द्यायचं आणि काय ढळू द्यायचं नाही, हे आधी ठरवायला हवं. आरशानं ठोकर खाऊन वळलं पाहिजे. गार्डनं ठोकर खाऊन जागेवर राहिलं पाहिजे. दोघांची मुळं एका नटात बांधली की एक तरी आपला धर्म सोडणार.

म्हणून उघडे गार्ड काढले आणि डॉक्टरांच्या खोक्यातले पट्टीवाले घेतले. हात अडकण्याच्या भीतीबद्दल माझं मत असं झालं: डॉक्टरांचं पडणं म्हणजे पाणंदीतल्या चिखलात पायाच्या वेगानं गाडी आडवी होणं. त्यात लिव्हर तुटतं, आणि क्लचचं लिव्हर तुटलं की वाडीतून कराडपर्यंत गाडी ढकलायची, वर कॅन. त्यांच्यासाठी पट्टीच बरी. रोज महामार्गावर ऐंशीनं जाणाऱ्याला मी हेच सांगेन असं नाही.

पाइपावरची भाऊबंदकी

हँडलवर जागा किती कमी असते ते मोजायला बसल्याशिवाय कळत नाही. उजव्या टोकापासून आत येत गेलं तर आधी मूठ, मग स्विचचं घर, मग पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबलं की ब्रेकचं तेल ढकलतो तो; आरशाचं भोकही याच्याच अंगात), आणि त्यानंतर पाइप वाकायला लागेपर्यंत उरतात ती दोन-तीन बोटं. वाटणीच्या बांधासारखं आहे, एकानं वीतभर सरकावं तर दुसऱ्याची मोरी बंद. मास्टर सिलिंडर आत सरकवला तर लिव्हर बोटांपासून लांब जातं. गार्डचा क्लॅम्प बाहेर आणला तर पट्टी ब्रेकच्या होजच्या जोडावर चढते.

व्हर्निअर लावला. पाइप बाहेरून २२.२ मिमी, म्हणजे पाऊण इंचाच्या पुढचा तो जुना सात-अष्टमांश इंच. आतून १८. पाचरीच्या बोल्टला १८ चं भोक मानवतं. गाडीला मूळचं हँडल असतं आणि टोकाला आत वजन किंवा बसवलेला नट असता, तर ही पाचर आत गेलीच नसती. वेगळा अडॅप्टर शोधावा लागला असता. आधीच्या मालकाच्या पडण्याचा असा फायदा झाला. तुमच्या गाडीवर गार्ड मागवण्याआधी टोकाचा स्क्रू काढून आत बोट घालून बघाच. जाड भिंतीच्या अॅल्युमिनियम हँडलचं भोक १४ च्या आसपास असतं, तिथं १८ ची पाचर शिरत नाही.

डाव्या मुठीचं रबर टोकाला बंद असतं. ते कटरनं गोल कापलं. पाचर आत घातली, ॲलन बोल्ट आवळला, ती फुगून पाइपाला धरली. डावी बाजू वीस मिनिटांत झाली. क्लचच्या केबलचा अॅडजस्टर पट्टीला घासत होता, म्हणून पट्टी शिकंज्यात धरून थोडी बाहेर वाकवली. एकदाच, मोठ्या गोलाईनं. अॅल्युमिनियमची पट्टी मागंपुढं वाकवत बसलं की वाकण्याच्या जागी केसासारखी भेग पडते आणि नेमकी पडल्यावर ती बोलते.

उजवीकडं मात्र अंगावर काटा आणणारी गोष्ट घडली. सगळं आवळून झालं, इंजिन बंदच होतं. सवयीनं रेस पिळून सोडली. रेस सोडली की मूठ टक् करून परत येते, तो आवाज कानाला पाठ असतो. या वेळी टक् झालं नाही. मूठ अर्ध्यावर थांबली, मग सावकाश परत आली. बाजूला उभे असलेले डॉक्टर म्हणाले, "हे उठायला तयार नसलेल्या म्हशीसारखं झालं."

ते हसले, मला हसू आलं नाही. गार्डचं टोक पाइपाला घट्ट बसताना मुठीच्या रबराला आणि आतल्या प्लॅस्टिकच्या नळीला दाबत होतं. ही नळी पाइपापेक्षा किंचित लांब असते. पाणंदीत वळताना रेस अशी अडकली तर गाडी सरळ उसात. उपाय छोटा आहे: पाइप आणि गार्ड यांच्या मधे पाइपाच्याच जाडीचं, २२ मिमीचं, ३ मिमी जाड कडं टाकायचं. म्हणजे पाइपच तेवढा लांब होतो, नळी त्याच्यावर मोकळी फिरते आणि गार्ड मुठीपासून एखाद-दीड मिमी दूर राहतो. वायसरांच्या चळतीनंही भागतं, पण वायसर २२ पेक्षा मोठा निघाला तर तोच मुठीला घासायला लागतो. मी लेथवर कडं कापून आणलं. बसवल्यावर हँडल पूर्ण डावीकडं, सरळ, पूर्ण उजवीकडं, तिन्ही जागी रेस पिळून सोडली. तिन्ही वेळा टक्. मग इंजिन चालू करून पुन्हा तेच, कारण केबल ओढली गेली असेल तर हँडल वळवताना रेस आपोआप वाढते. नाही वाढली. ब्रेकचं लिव्हर मुठीपर्यंत पूर्ण दाबून पाहिलं, टाकीला काही लागत नाही ना ते पाहिलं, मगच पाना खाली ठेवला.

टर्नर मामा

राहिला आरसा. गोल, चकचकीत जोडी मी आधीच बाद केली होती. हातानं जागेवर धरून डॉक्टरांना विचारलं, काय दिसतं? "माझं कोपर. आणि कोपराच्या वर तुमची जास्वंद." दांडा आखूड, काच लहान आणि जास्तच फुगीर. फुगीर काचेत मागची गाडी असते त्याहून लहान आणि लांब दिसते. थोडा फुगवटा कामाचा, फार झाला की मागून येणारा ट्रक दूरचा टेम्पो वाटतो. शिवाय दोन्ही आरशांचे आटे साधेच. गाडीच्याच कंपनीचे दोन आरसे आणले, उजवा डाव्या आट्यांचा आहे ना ते दुकानातच नट फिरवून पाहून.

पण लावणार कुठं? जाळी झालेल्या भोकात डावा टॅप, म्हणजे डावे आटे कापायचं हत्यार, फिरवून पाहावा, असं एकदा मनात आलं. पण धरायला धातूच उरला नव्हता. अख्खा सुटा भाग मागवायचा तर वाट बघा, ब्रेक खोला, तेल बदला, हवा काढा. तिसरं म्हणजे पाइपावर बसणारा आरशाचा वेगळा क्लॅम्प. पण पाइपावर आता बोटभर जागा नव्हती. हँडलच्या टोकाला लागणारे आरसे? टोक गार्डनं घेतलेलं. वर नवी अडचण: डावीकडं आरशाचं बूड गार्डच्या ढालीच्या वरच्या काठावर टेकत होतं. आरसा इंचभर उचलायला हवा होता.

गाडी घेऊन ओळखीच्या टर्नर मामांकडं गेलो. सत्तरीला आलेले, अजून लेथवर उभे. मामांनी भोकात नख फिरवलं.

"डावा आटा हुता ह्यो. कुणी पिळला?"

"गॅरेजवाल्यानं, प्रवासात."

"गॅरेजवाला न्हवं, तेली असंल. घाणा पिळल्यागत पिळलाय."

मग मामांनी जे सुचवलं त्यात दोन्ही अडचणी एका तुकड्यात संपल्या. जुनं १० मिमीचं भोक मोठं करून त्यात १२ मिमीचे साधे, उजवे आटे मारायचे. १९ मिमीच्या षटकोनी पोलादी सळईतून एक तुकडा काढायचा: खाली १२ मिमीचा उजव्या आट्यांचा खुंट, वर तीस मिमी उंच षटकोनी अंग, आणि त्या अंगात वरून १० मिमीचं, सव्वा पिचचं (आट्यापासून आट्याचं अंतर सव्वा मिमी) डाव्या आट्यांचं भोक. खुंट भोकात कायमचा बसेल, आरसा त्याच्या डोक्यावर. आरसा उचलला जाईल आणि डावे आटेही परत मिळतील.

मी विचारलं, खुंटाला पण डावेच आटे का नकोत? मामा माझ्याकडं शाळेतल्या मास्तरासारखं बघत राहिले. "आरशाला ठोकर बसली तर त्यो कुठं फिरणार?"

काट्याच्या दिशेनं.

"मग वरचा डावा आटा सुटणार. आन् त्याच टायमाला खालचा उजवा?"

आवळणार. म्हणजे ठोकर बसली की आरसा सैल आणि खुंट आणखी घट्ट. मी वीस वर्षं मशीनवर आहे आणि हे मला सुचलं नव्हतं.

डावा टॅप सगळ्यांकडं नसतो. मामांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, तेलकट कागदांच्या पुड्यांतून एक पुडी काढली. कधीकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून आणलेला. "वरसातनं एकदा लागतो. पर लागतो तवा दुसरं काय चालत न्हाय."

मास्टर सिलिंडर क्लॅम्पचे दोन बोल्ट सोडून हँडलवरून उतरवला. होजला हात लावला नाही, सिलिंडर उभाच धरला, आणि भोक सोडून सगळं ओल्या फडक्यात गुंडाळलं. अॅल्युमिनियमचा कीस ब्रेकच्या आसपास कुठंही नको. टाकीवरही जुनी चादर. ब्रेकचं तेल रंगावर सांडलं तर रंग उचलतो, आणि डॉक्टरांची टाकी तेवढीच एक धड होती. ड्रिल सरळ जातंय का हे मामा दोन बाजूंनी गुण्या धरून बघत होते. टॅप हातानं, अर्धा वळसा पुढं, पाव मागं, मधे मधे रॉकेलचे थेंब. खुंटाच्या आट्यांना लॉकिंगचा द्रव लावून तो आवळला आणि रात्रभर सुकू दिला. सिलिंडर परत बसवताना क्लॅम्पचा वरचा बोल्ट आधी, खालचा नंतर.

डावीकडं तयार मिळतो तसा साध्या आट्यांचा उंचवटा टाकला. तिथं ठोकरीला उंचवटा आणि आरसा दोघंही सैल होण्याच्या दिशेनं जातात, म्हणून उंचवटा कडक आवळला, आरसा बेतानं. लॉकनटाचं माप मी असं ठरवलं: वाऱ्यानं आणि खड्ड्यानं हलू नये, पण तळहाताचा कचकचीत धक्का दिला की वळावा. मामांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते नट तो नट, आवळायचा. पण आरसा माझ्या हातात होता.

आरसे लावायची वेळही ठरवून घेतली. डॉक्टर पहाटेचं जाड जाकीट घालून, हातमोजे चढवून, कॅनसकट गाडीवर बसले. मी मागं उभा राहिलो. नुसत्या शर्टात लावलेला आरसा जाकिटात खांदा दाखवतो.

वर्षभरात

थंडीचं उत्तर लगेच मिळालं. बोटं गोठ्यात पोचल्यावर लगेच चालतात, आधी पाच मिनिटं काखेत धरावी लागायची, असं डॉक्टर म्हणाले. उसाची पाती ढालीवर फटाफट वाजतात, बोटांपर्यंत येत नाहीत. उन्हाळ्यापर्यंत ढालीचं काळं प्लॅस्टिक ओरखड्यांनी करडं पडलं. पावसाळ्यात ते कोयनानगरच्या बाजूलाही जातात, जिथं वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथं गार्डचा उपयोग निम्माच. समोरचं पाणी अडतं, पण मनगटावरून ओघळणारं येतंच. जुलैत गाडी एकदा डावीकडं आडवी झाली. पट्टीचा कोपरा खरवडला, लिव्हर शाबूत.

एक उणं राहिलं ते राहिलं. उजवा आरसा उंचावल्यामुळं पन्नासच्या पुढं थरथरतो, मागच्या गाडीचा नंबर वाचता येत नाही. नटाखाली रबरी वायसर टाकून बघितला, थरथर थोडी कमी झाली पण आरसा आठवड्यात सैल व्हायला लागला. काढून टाकला. मागं ट्रक आहे की मोटारसायकल एवढं कळतं, त्यावर डॉक्टरांनी समाधान मानलंय. मी मानलेलं नाही. खुंटाचं वरचं अंग तीसऐवजी वीस मिमी उंच करून बघायचा विचार आहे. ढालीला जेमतेम जागा देईल.

डिसेंबरात, नवा हंगाम सुरू झाल्यावर, एका सकाळी डॉक्टर गेटपाशी थांबले. इंजिन चालूच. उजवा आरसा मागं वळून लोंबत होता. काचेवर उसाच्या रसाचा वाळलेला पट्टा, पण काच अखंड. ढालीवर एक नवा खोल चरा.

"चौदाचा पाना द्या फक्त."

मी पाना आणला आणि सवयीनं तोंड उघडलं, "डॉक्टर, तो उलटा…" पण त्यांनी आरसा जागेवर आणून एका हातानं धरला होता आणि पाना घड्याळाच्या विरुद्ध ओढून नट आवळलाही होता. मग तळहातानं आरशाला एक धक्का देऊन पाहिला, हलला. थोडा परत फिरवला, पाना माझ्या हातात दिला, कॅनचा पट्टा चाचपला. मल्हारपेठच्या पुढं कुणाची तरी म्हैस अडली होती.